शाळा एक करून काय साधतं? अनिरुद्ध यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनिरुद्ध,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. कॉमेंटमध्ये दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात: मी राहते त्या उत्तर आयर्लंडमध्ये बहुसंख्य प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मुलं आजही वेगवेगळ्या शाळांत शिकतात, आणि याचं खापर मी युनियनिस्टांवर, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलंच राहू पाहणाऱ्या, मुख्यतः प्रोटेस्टंटांच्या पक्षांवर फोडलं, असा तुमचा आक्षेप आहे. वेगळ्या शाळा तर कॅथलिक चर्चला हव्यात, शिक्षणखातं कित्येक वर्षं शिन फेनकडे, म्हणजे आयर्लंडशी एकीकरण मागणाऱ्या, मुख्यतः कॅथलिकांच्या पक्षाकडे होतं, मग एकाच बाजूला का झोडपता, आणि युनियनिस्टांनी नेमकं करायला काय हवं होतं, असं तुम्ही विचारलंत. आणि शेवटी लिहिलंत, ‘आपल्याकडे सगळ्या जातींची मुलं एका वर्गात बसतात, तरी लग्न ठरवताना जात बघितलीच जाते. शाळा एक करून काय साधतं?’

चर्चबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. १९२१ साली हे राज्य जन्माला आलं तेव्हापासून कॅथलिक धर्मगुरूंना आपल्या मुलांची शाळा आपल्याच ताब्यात हवी होती. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये काही पालकांनी बेलफास्टच्या दक्षिणेला एका स्काउट हॉलमध्ये अवघ्या २८ मुलांना घेऊन लॅगन कॉलेज सुरू केलं. ही इथली पहिली इंटिग्रेटेड, म्हणजे दोन्ही समाजांच्या मुलांना ठरवून एकत्र शिकवणारी शाळा. कॅथलिक चर्चने तेव्हा तिच्याकडे पाठच फिरवली. शिन फेनलाही मी सोडत नाही. ओमा गावातल्या ड्रमरा कॉलेजला विद्यार्थिसंख्या वाढवायची होती आणि खातं अडून बसलं. इंटिग्रेटेड शिक्षणाला उत्तेजन देण्याचं कायदेशीर कर्तव्य खात्याच्या नियोजनात उतरतच नाही, असं हायकोर्टाने २०१४ साली सुनावलं, तेव्हा मंत्री शिन फेनचेच होते.

तरीही माझं बोट युनियनिस्टांकडे आहे, आणि ते तिथेच राहणार. १९२१ ते १९७२ अशी पन्नास वर्षं त्यांची सलग सत्ता होती. आणि सगळ्या मुलांसाठी एकच शाळा हा विचार या राज्यात सर्वांत आधी एका युनियनिस्ट मंत्र्यानेच मांडला होता. ही हकिकत मागच्या लेखात आली नव्हती, ती आता सांगते.

लॉर्ड लंडनडेरी हे उत्तर आयर्लंडचे पहिले शिक्षणमंत्री. मोठे जमीनदार, पक्के युनियनिस्ट. १९२३ च्या त्यांच्या कायद्यात साधी गोष्ट होती: शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालणार असेल तर शाळेच्या वेळात कुठल्याही पंथाचं धर्मशिक्षण नको, आणि शिक्षक नेमताना त्याचा पंथ बघायचा नाही. कॅथलिक चर्च या व्यवस्थेत आलंच नाही. पण कायदा मोडीत निघाला तो दुसऱ्या बाजूने. प्रोटेस्टंट चर्चेस आणि ऑरेंज ऑर्डर ही कडव्या प्रोटेस्टंटांची संघटना रस्त्यावर उतरल्या. आमच्या मुलांना बायबल शिकवायचं नाही म्हणजे काय? उद्या आमच्या शाळेत कॅथलिक मास्तर आला तर? १९२५ मध्ये उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान जेम्स क्रेग झुकले, १९२६ मध्ये लंडनडेरी पायउतार झाले आणि १९३० च्या दुरुस्तीने सरकारी शाळांत बायबलचं शिक्षण कायद्यानेच आलं. नावाला सर्वांची असलेली शाळा प्रत्यक्षात प्रोटेस्टंटांची झाली. वेगळं राहिलेल्या कॅथलिक शाळांना बांधकामाचा निम्मा खर्च मिळू लागला. उरलेला निम्मा लोकांनी रविवारच्या मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पै-पैसा टाकून उभा केला.

तेव्हा, कॅथलिकांनी आपली वेगळी चूल मांडली, हे म्हणताना मुख्य घराचं दार आतून कुणी लावून घेतलं तेही बघायला हवं. १९३४ साली याच क्रेगनी भर विधिमंडळात अभिमानाने सांगितलं की आमची संसद प्रोटेस्टंट आहे आणि आमचं राज्य प्रोटेस्टंट आहे. असं ऐकलेला कॅथलिक बाप आपलं पोर कुठल्या भरवशावर सरकारी शाळेत घालणार होता?

आणि त्या वेगळ्या शाळांनी फार मोठं काम केलं. १९४७ च्या शिक्षण कायद्यामुळे गरीब घरातल्या हुशार मुलांना माध्यमिक शिक्षण परवडू लागलं. डेरी शहरातल्या सेंट कोलंब्ज कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेला कॅथलिक नेता जॉन ह्यूम त्याच पिढीतला, पुढे ज्याच्या चिकाटीमुळे दोन समाजांतला हिंसाचार थांबवणारा शांतता करार शक्य झाला. दबलेल्या समाजाने स्वतःच्या शाळेत कणा ताठ केला. म्हणून त्या शाळा बंद करा असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या पालकांना एकत्र शाळा हवी आहे त्यांच्या वाटेत सरकारने उभं राहू नये.

आता तुमच्या जातीच्या मुद्द्याकडे येते. तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहांना सढळ हाताने मदत केली आणि त्याच महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. या दोन गोष्टींत मला विसंगती वाटत नाही. ज्यांना कुणी उभं करत नव्हतं त्यांना आधी पायावर उभं राहायला स्वतःची जागा हवी होती, आणि पुढे सर्वांच्या शाळेत हक्काने बसायचंही होतं. शंभर वर्षांनंतरही लग्नात जात बघितली जाते, म्हणून तो हुकूम नसता काढला तरी चाललं असतं, असं तुम्ही म्हणाल का? मला नाही वाटत.

पण तुमच्या प्रश्नात खरी गोम आहेच. नुसतं एका वर्गात बसवून भागत नाही. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात छापलेली असते आणि वर्गात तिच्याबद्दल वर्षानुवर्षं एक शब्द निघत नाही. आडनावावरून सगळं ओळखलं जातं, बोलायचं मात्र कुणी नाही. साताऱ्याला भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायला, एका पंगतीत जेवायला लावली, कारण बाकावर शेजारी बसवण्याची मर्यादा त्यांना कळली होती.

इथल्या इंटिग्रेटेड शाळांची आखणी याच जाणिवेतून झाली आहे. मुलं मिश्र असतात, शिक्षक आणि शाळेचं व्यवस्थापन मंडळही दोन्ही समाजांतून घ्यायचा कटाक्ष असतो. आमच्या भागातल्या अशा एका प्राथमिक शाळेत मी जाऊन-येऊन असते. ॲश वेन्सडेला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, काही मुलं कपाळावर राखेचा क्रॉस घेऊन येतात आणि बाकीची बिनदिक्कत विचारतात, हे काय, कुणी लावलं, पुसलं तर काय होतं? नोव्हेंबरमध्ये काहींच्या स्वेटरवर ब्रिटिश सैनिकांच्या स्मरणार्थ लाल पॉपी असते, काहींच्या नसते, आणि का नसते यावर शिक्षिका वर्गात बोलतात. सात-आठ वर्षांच्या कॅथलिक मुलांची फर्स्ट कम्युनियन या धार्मिक विधीची तयारी शाळेतच होते. एका मुलीने आपल्या पांढऱ्या झग्याचा फोटो वर्गात फिरवला, तेव्हा तिच्या प्रोटेस्टंट मैत्रिणीला तसाच झगा हवा होता आणि तो का मिळणार नाही हे शिक्षिकेने तिला समजावून सांगितलं. वेगळेपण लपवावं लागत नाही आणि त्यावरून भांडावंही लागत नाही, हे इथे सातव्या वर्षी कळतं.

याच बेलफास्ट शहरात २००१ साली आर्डॉइन वस्तीत होली क्रॉस या कॅथलिक शाळेच्या चिमुरड्या मुली लॉयलिस्ट, म्हणजे कडव्या ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंट जमावाच्या शिव्या झेलत, पोलिसांच्या रांगांमधून शाळेत गेल्या. दोन्ही बाजूंची घरं हाकेच्या अंतरावर होती. डीयूपी या मोठ्या युनियनिस्ट पक्षाच्याच पीटर रॉबिन्सननी २०१० मध्ये, मुख्यमंत्रिपदावर असताना, इथल्या शिक्षणव्यवस्थेला सौम्य स्वरूपाचा वंशभेद म्हटलं होतं. त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं असं मी धरून चालते. पण दोन्ही गटांपासून अलिप्त असलेल्या अलायन्स पक्षाच्या केली आर्मस्ट्राँग यांचं इंटिग्रेटेड शिक्षणाला पाठबळ देणारं विधेयक २०२२ साली अंतिम मताला आलं, तेव्हा डीयूपीने विरोधात मत दिलं. ते मंजूर झालं ते इतरांच्या मतांवर.

यात युनियनिस्टांचं स्वतःचंच नुकसान आहे, असं मला तळमळीने वाटतं. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक किंवा कॅथलिक घरात वाढलेले ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती ४३.५ टक्के. स्वतःला फक्त ब्रिटिश म्हणवणारे ३१.९ टक्के आणि फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ म्हणवणारे १९.८ टक्के. नुसत्या डोकेमोजणीवर ब्रिटनबरोबरची युनियन टिकायचे दिवस सरले. ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये सामील व्हायचं यावर उद्या सार्वमत झालंच तर निकाल या मधल्या लोकांच्या हातात असेल, आणि हे राज्य आपलंही आहे असं त्यांना वाटायला हवं असेल तर ती सवय लहानपणीच लागायला हवी. शिवाय गरीब वस्तीतल्या प्रोटेस्टंट मुलग्यांचे निकाल इथे वर्षानुवर्षं तळाशी आहेत. अकराव्या वर्षी मुलांची चाळणी करणाऱ्या प्रवेश परीक्षांचा त्यात मोठा हात आहे, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

शेवटी, युनियनिस्टांनी नेमकं काय करायला हवं होतं, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर ताजं आहे. बँगर अकॅडमी ही इथल्या सर्वांत मोठ्या शाळांपैकी एक, युनियनिस्टबहुल बँगर शहरातली. तिथे मतदान केलेल्या पालकांपैकी सुमारे ८० टक्के पालकांनी शाळा इंटिग्रेटेड करा असा कौल दिला. २०२५ च्या जानेवारीत डीयूपीचे शिक्षणमंत्री पॉल गिव्हन यांनी प्रस्ताव फेटाळला. कारण काय, तर शाळेत पुरेशी कॅथलिक मुलं येतील असं दिसत नाही. दार उघडायची परवानगी मागणाऱ्याला, अजून आत कुणी आलेलं नाही म्हणून नकार! प्रोटेस्टंट पालकांनी आपणहून शेजाऱ्यांच्या मुलांना या म्हटलं होतं. मंत्र्यांनी हो म्हटलं असतं तर युनियनचं काय बिघडलं असतं, हे तुम्हाला दिसत असेल तर जरूर लिहा. मी वाट बघते.