‘मनगटावर घड्याळ बांधा, घरातली मशीन विका’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही महिने सकाळी फिरायला आणि पळायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने स्मार्टवॉच घ्यावे, कारण ते ईसीजी काढते आणि हार्ट अटॅक येण्याआधीच सांगते, ते रक्तदाब, साखर आणि ऑक्सिजनही मोजते, म्हणून घरातली मशीन विकून टाकावीत, ठोके मोजायला छातीला बांधायचा पट्टा आता इतिहासजमा झाला आहे, 220 मधून वय वजा करावे आणि ठोके त्या आकड्याच्या वर गेले की जिवाला धोका समजून थांबावे, आणि रोज दहा हजार पावले पुरी केली की घड्याळ दाखवील तेवढ्या कॅलरी खायला हरकत नाही. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ हे आहेच. आमच्या गटावर तो एका काकांनी टाकला. ते सत्तरीला टेकलेले आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात, आणि संदेश वाचून त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळायचे आपले रक्तदाबाचे मशीन खरोखरच विकायला काढले. एरवी असे संदेश मी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही.

ईसीजीचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, म्हणून तो आधी घेतो. काही महागड्या घड्याळांत ईसीजी निघतो हे खरे आहे. ॲपलने ही सोय 2018 मध्ये चौथ्या मालिकेच्या घड्याळात आणली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यताही दिली. पण ती मान्यता कशासाठी होती, हे संदेशात सांगितलेले नाही. घड्याळाची पाठ एका मनगटाला टेकलेली असते आणि दुसऱ्या हाताचे बोट आपण त्याच्या चावीवर ठेवतो. म्हणजे दोन हातांमधला विजेचा एकच मार्ग तीस सेकंद टिपला जातो. दवाखान्यात हातापायांना चार आणि छातीवर सहा अशी दहा टोके लावून हृदयाकडे बारा दिशांनी पाहिले जाते, त्यांतली ही एक दिशा झाली. ठोक्यांची लय विस्कटली आहे का, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन नावाचा दोष आहे का, हे सांगायला ती पुरते, आणि या दोषामुळे पक्षाघाताचा धोका वाढत असल्याने ते काम मुळीच हलके नाही. हार्ट अटॅक मात्र लयीचा आजार नव्हे. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, आणि तुंबल्याची खूण हृदयाच्या ज्या भिंतीला झळ पोचली तिच्यासमोरच्या दिशांतून दिसते. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला, तर तिच्याकडे पाहणाऱ्या दिशा पायाच्या टोकावाचून मिळत नाहीत, आणि घड्याळ तर पायाला लागतच नाही. दवाखान्यातला पूर्ण ईसीजीसुद्धा पहिल्या खेपेला कधी कधी स्वच्छ निघतो. म्हणून डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन हे प्रथिन तपासतात. आपले घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही, हे खुद्द ॲपलच वापरणाऱ्याला पडद्यावर लिहून सांगते.

‘येण्याआधीच सांगते’ हे तर त्याहून पुढचे पाऊल झाले. ॲपलच्या घड्याळांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत 4,19,297 लोक होते. त्यांतल्या 0.52 टक्क्यांना लय अनियमित असल्याची सूचना आली, आणि सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी छातीवर चिकटवायची पट्टी लावून तपासणी पुरी केली त्यांच्यातल्या 34 टक्क्यांत तो दोष सापडला. हा दोष येऊन-जाऊन असतो, त्यामुळे उरलेल्यांची सूचना खोटीच होती असेही म्हणता येत नाही. पण ही सूचना डॉक्टरकडे जाण्याचे कारण आहे, निदान नव्हे, एवढे त्यातून दिसते. माझी खरी चिंता उलट बाजूची आहे. छातीत दाब, जबड्यापर्यंत कळ आणि दरदरून घाम अशा अवस्थेत एखादा माणूस घड्याळावर ‘सामान्य लय’ हे शब्द वाचेल आणि 108 ला फोन करायचे सोडून पडून राहील.

रक्तदाबाचा अनुभव घरचा आहे. दीडेक हजार रुपयांचे एक घड्याळ भाच्याने आईला भेट दिले. त्याने आईचा दाब 118/76 दाखवला आणि दंडाच्या मशीनने त्याच बैठकीत 164/92. तेच घड्याळ मी माझ्या मनगटावर चढवले, तर 119/77. मग गंमत म्हणून ते गुंडाळलेल्या नॅपकिनला बांधले. नॅपकिनचे ठोके मिनिटाला 74 निघाले आणि रक्तदाब उत्तम. (आई म्हणाली, त्याला मीठ कमी लागत असेल.) ज्या पट्ट्यात हवा भरून धमनी दाबली जात नाही, तो पट्टा दाब मोजत नाही, नाडीच्या लाटेच्या आकारावरून अंदाज बांधतो. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे त्यांना दर चार आठवड्यांनी दंडाच्या मशीनशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते, असे ती कंपनीच सांगते. म्हणजे घड्याळासाठीसुद्धा मशीन घरात हवेच. मनगटाच्या पट्ट्यातच हवेची पिशवी फुगणारे घड्याळ ओम्रॉनने 2019 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणले, पण ते जाड आणि महाग, आणि संदेश ज्या घड्याळांविषयी बोलतो त्यांच्यात ते बसत नाही.

साखरेचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. त्वचेला न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही आणि अशी साधने वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. एखाद्या मधुमेह्याच्या घड्याळावर तुम्ही साखरेचा खरा आकडा पाहिला असेल, तर त्याच्या दंडावर कातडीखाली बारीक तार गेलेला सेन्सर चिकटवलेला असतो आणि घड्याळ हा त्याचा फक्त पडदा असतो. इन्सुलिन घेणाऱ्याने हा फरक विसरणे जिवावर बेतू शकते.

ऑक्सिजनचे तत्त्व जुने आणि पक्के आहे. जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलेल्या पद्धतीत लाल आणि अवरक्त प्रकाश रक्तात किती शोषला जातो याचे गुणोत्तर काढतात. कोविडच्या काळात आपण बोटाला लावत होतो त्या चिमट्यात प्रकाश बोटाच्या आरपार जातो; मनगट आरपार होत नाही, म्हणून तिथे परत आलेल्या प्रकाशावर भागवावे लागते आणि हात हलला, गार पडला की आकडा घसरतो. रुग्णालयातले बोटाचे यंत्रही निर्दोष नाही: काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजन उतरल्याचे त्याच्या नजरेतून अधिक वेळा सुटते, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसले. आपल्याकडच्या वाचकाने हे वाक्य दुसऱ्याचे म्हणून वाचू नये.

आता छातीच्या पट्ट्याकडे येतो, कारण पळणाऱ्या माणसाला निवड करताना खरी अडचण इथेच पडते. मनगटावरच्या घड्याळाखाली जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो ठोका ऐकत नाही. रक्त हिरवा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्यागणिक कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढते, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके ते चांगले मोजते, सपाट रस्त्यावर चालणाऱ्याचेही बहुधा बरोबर मोजते. पळताना मात्र हाताच्या प्रत्येक हेलकाव्याने घड्याळ कातडीवर सरकते आणि प्रकाशात ठोक्याहून मोठी लाट उठते. यंत्र मग त्या लाटेलाच ठोका समजून बसते.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनच्या तयारीत यवतेश्वरच्या घाटात मी हे वारंवार पाहिले आहे. चढताना घड्याळ आणि छातीचा पट्टा यांच्यात दोन-चार ठोक्यांचा फरक असे. वळून उताराला लागलो की पाय भराभर पडू लागत, श्वास मात्र निवांत होई; पट्टा 138 वर उतरे आणि घड्याळ 171 वर जाऊन बसे. मिनिटाला पावले मोजली, तर तीही 171च्या आसपासच निघत. हृदय मोजतो आहोत या समजुतीने ते यंत्र माझी पावले मोजत होते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवून, त्याचा पट्टा एक घर घट्ट केल्यावर चूक कमी झाली, पण गेली नाही. घड्याळाच्या ढिल्या पट्ट्यात आणि थंडीच्या पहाटे ती पुन्हा उगवतेच.

छातीचा पट्टा ईसीजीसारखाच हृदयाची वीज टिपतो, त्यामुळे हाताच्या हालचालीशी त्याला देणेघेणे नाही. फिनलंडमधल्या केंपेले गावात 1977 मध्ये स्थापन झालेल्या पोलार कंपनीने 1982 मध्ये बिनतारी पट्टा बाजारात आणला, आणि वेगाने ठोके बदलणाऱ्या व्यायामात आजही घड्याळांची परीक्षा अशाच पट्ट्याच्या कसोटीवर घेतली जाते. त्याचेही नखरे आहेत: बांधण्यापूर्वी आतल्या बाजूची टोके पाण्याने ओली करावी लागतात, नाहीतर घाम सुटेपर्यंतची पहिली दहा मिनिटे आकडे वेडेवाकडे येतात; कोरड्या हवेत पॉलिएस्टरचा सैल बनियन फडफडला की स्थिर विजेने भलताच आकडा उसळतो; आणि पट्टा धुतला नाही, तर मीठ धरून वर्ष-दीड वर्षात कामातून जातो. छातीला काही बांधणे ज्यांना सहन होत नाही त्यांच्यासाठी दंडावर बांधायचा, प्रकाशानेच ठोके मोजणारा पट्टा हा मधला मार्ग आहे, कारण दंड मनगटापेक्षा कमी हिसके खातो. रोज चालणाऱ्याला यांतले काहीच नको; वेगाचे आणि चढाचे व्यायाम आकड्यांवर बेतणाऱ्याला मात्र पट्टा घ्यावाच लागतो. म्हणून घड्याळ घेताना बाहेरचा पट्टा त्याला जोडता येतो का, एवढे दुकानदाराला आवर्जून विचारावे. पुष्कळ स्वस्त घड्याळांना तो जोडता येत नाही.

‘220 वजा वय’ हे सूत्र 1971 च्या एका लेखातून रूढ झाले आणि त्यामागे खास आखलेला प्रयोग नव्हता. तोवर झालेल्या काही पाहण्यांच्या आकड्यांतून ढोबळ रेघ ओढली होती. 2001 मध्ये पुष्कळ मोठ्या संकलनावरून 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करावे असे सुचवले गेले. साठीच्या माणसाला पहिले सूत्र 160 देते, दुसरे 166. पण दोन्ही सरासरीची सूत्रे आहेत आणि माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सर्वसामान्य आहे. मुळात हा आकडा धोक्याची रेषा म्हणून काढलेलाच नाही. तो हृदयाच्या कमाल वेगाचा अंदाज आहे, आणि ज्याचे ठोके त्याच्या वर जातात त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा अंदाज चुकलेला असतो. उलट आमच्या काकांसारखे मेटोप्रोलॉल ही रक्तदाबाची गोळी घेणारे लोक कितीही दमले तरी त्या आकड्याच्या जवळपास पोचत नाहीत, कारण ती गोळी ठोके रोखूनच धरते. त्यांनी ‘अजून पुष्कळ वाव आहे’ असे समजून रेटत राहणे हा खरा धोका. त्यांच्यासाठी जुनी कसोटी बरी: चालताना बोलता यावे, गाता येऊ नये.

दहा हजार पावलांचा उगम वैद्यकात नाही, विक्रीत आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 मध्ये एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र काढले आणि त्याला ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे नाव दिले. सरासरी 72 वर्षांच्या अमेरिकी स्त्रियांवरच्या 2019 च्या अभ्यासात रोज सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांतही, 2,700 चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण कमी दिसले आणि साधारण 7,500 नंतर आणखी फरक दिसला नाही. शिवाय पावले म्हणजे घड्याळाच्या लेखी हाताचे हिसके. एक नारळ खवताना माझ्या घड्याळाने 140 पावले मांडली, आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलत घातलेल्या अर्ध्या तासाच्या फेरीचे जवळजवळ काहीच मांडले नाही.

कॅलरींचे तर विचारूच नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये 60 जणांवर सात यंत्रे तपासली. सातांपैकी सहांची ठोक्यांतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींत सर्वांत चांगले यंत्र सरासरी 27 टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून वर घड्याळ नऊशे कॅलरी दाखवते, म्हणून पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दोन दही असा हिशेब जो जुळवतो, त्याचा तो हिशेब पोटावर दिसतो. पिठलं-भाकरी जरूर खावी; घड्याळाला साक्षीला बोलावू नये.

काकांना हे सगळे तळजाईच्या कट्ट्यावर सांगून झाले. घड्याळ परत करा असे मी म्हटले नाही, कारण चालायला उठवण्याचे काम ते चोख करते. फक्त ते बांधून त्यांना पाच मिनिटे बसवले आणि मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजायला लावली: बोटांवर 62, घड्याळावर 63. तेवढे काम ते नीट करते. मशीनला दोन गिऱ्हाइके येऊन गेली होती, पण काकूंनी ते कपाटात परत ठेवले आहे. त्याच्या पट्ट्याचे वेल्क्रो तेवढे सैल झाले आहे, ते या आठवड्यात बदलून आणायचे ठरले आहे.