काकवी समजून

नोकरीच्या कामासाठी सहा महिने इंग्लंडमधल्या डार्बी शहरात राहण्याचा योग आला. आईने बांधून दिलेल्या मेतकुटाच्या आणि दाण्याच्या चटणीच्या पुड्या पहिल्या महिन्यातच संपल्या आणि माझे पोट सर्वस्वी घरमालकीणबाईंच्या हवाली झाले. बाई सत्तरीच्या आणि अतिशय प्रेमळ होत्या. त्या भागात समोरच्याला लाडाने ‘मी डक’, म्हणजे ‘माझ्या बदका’, म्हणण्याची पद्धत आहे. मला मात्र पहिल्या सकाळी जिना उतरताना ती हाक ऐकून वाटले, की बाई आपले नाव सांगत आहेत. त्यामुळे पुढचा आठवडाभर मी त्यांना ‘मिसेस डक’ म्हणत राहिलो आणि त्यांनीही, परदेशी पोर आहे म्हणून, ते खपवून घेतले.

त्याच सकाळी न्याहारीच्या टेबलावर पिवळ्या झाकणाची, ठेंगणी आणि पोट सुटलेली एक बाटली दिसली. आत काळेभोर, दाट आणि चमच्याला तार धरणारे काहीतरी होते. ज्याचे लहानपण कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर गेले आहे, तो असे द्रव्य पाहून दुसरे काय समजणार? परमुलखात काकवी भेटली म्हणून मला गहिवरून आले. मी टोस्टवर चांगले दोन चमचे ओतून ते कडेपर्यंत पसरले, बोटाला लागलेले नंतर चाटायला म्हणून राखून ठेवले आणि मोठा घास घेतला.

खडेमीठ सोया सॉसमध्ये आठवडाभर मुरवून त्यावर कुणी शिळी बिअर ओतावी, तशी ती चव होती. डोळ्यांना पाणी आले आणि जीभ टाळूला चिकटली. बाई तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “अरे बदका, एवढं तर मला पंधरा दिवस पुरतं!” मग त्यांनी मला प्रात्यक्षिक दाखवले. टोस्ट गरम असतानाच त्यावर लोणी सढळ हाताने लावायचे आणि मग सुरीच्या टोकाला लागेल तेवढेच हे मार्माइट, लहान मुलाला तीट लावावी तसे, जेमतेम फिरवायचे. बिअरची उपमा मी रागाच्या भरात दिली असेल असे कुणाला वाटेल, पण मार्माइट खरोखरच बिअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून करतात. त्याचा कारखाना 1902 साली बर्टन अपॉन ट्रेंट या बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी निघाला आणि ते गाव आमच्या डार्बीपासून जवळच आहे, म्हणजे मी थेट उगमापाशीच येऊन पडलो होतो. हा पदार्थ एकतर जीव की प्राण असतो, नाहीतर डोळ्यांसमोर नको असतो, हे तिथले लोक उघडपणे मान्य करतात आणि त्याच्या जाहिरातीतही हेच सांगतात.

तरी मार्माइट निदान शाकाहारी होते. मी कोल्हापूरचा असून शाकाहारी असल्यामुळे गावातही परका आणि परगावीही परका. त्यातून या लोकांच्या पदार्थांची नावे साक्षीला उभी केली, तर कोणतेही कोर्ट त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही. ‘बिळातला बेडूक’ असे नाव असलेल्या पदार्थात बेडूक नसतो, सॉसेज असतात. ब्लॅक पुडिंग हे ऐकायला गोडाचे, पण त्यात डुकराचे रक्त. याउलट नाताळातल्या मिन्स पायमधल्या सारणाला ‘मिन्समीट’ म्हणतात, म्हणून मी आधी दोन हात लांब राहिलो. आत फक्त मनुका, सफरचंद आणि दालचिनी-लवंग आहे असे कळल्यावर निर्धास्तपणे तीन खाल्ले. मग बाई कौतुकाने म्हणाल्या, की सारणाला खरी चव येते ती गाईच्या चरबीमुळे! ज्यांनी आपल्या बोंबलाला ‘बॉम्बे डक’ करून टाकले आणि भाडेकरूलाही बदक ठरवले, त्यांच्या नावांवर मी विसंबलो ही चूक माझीच होती. त्यानंतर मी कस्टर्डला शरण गेलो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्यांनी 1837 साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर शोधून काढली. त्या बाईंच्या पथ्याच्या पुण्याईवर मी डिसेंबर काढला.

मार्माइटने मात्र पाठ सोडली नाही. एका रात्री उत्सुकतेपोटी त्याच्याविषयी वाचत बसलो, तर लेखात एकदम परळ उगवले. डॉ. लुसी विल्स नावाच्या इंग्रज संशोधिका 1928 मध्ये मुंबईत आल्या होत्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचे, म्हणजे रक्तक्षयाचे, कारण त्या शोधत होत्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बरेचसे काम करून त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले, की यीस्टच्या अर्काने, म्हणजे या मार्माइटनेच, हा रोग बरा होतो. त्यातले गुणकारी द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले आणि आज आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईच्या हातावर त्याची गोळी ठेवली जाते. एवढे वाचल्यावर बाटलीकडे पूर्वीसारखे तुच्छतेने पाहवेना. दुसऱ्या दिवशी मी तीट लावण्याच्या रीतीने एक टोस्ट पूर्ण खाल्ला. चव जशीच्या तशी होती.

“आवडलं का?” बाईंनी विचारले.

“प्रकृतीला फार चांगलं असतं,” मी म्हणालो. आमच्या घरी कारल्याच्या रसाविषयी शब्दशः हेच म्हणतात. बाईंना हा त्या रसाचा संदर्भ कसा कळणार? त्यांना ती पसंतीची पावतीच वाटली आणि निघताना त्यांनी सर्वांत मोठी बाटली माझ्या बॅगेत स्वतःच्या हाताने, मोज्यांत गुंडाळून ठेवली. ती आता स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असते. आईने तिच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: ‘काकवी नव्हे.’