अननसाच्या त्या मेसेजबद्दल थोडं

रावेर-यावलच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून फिरतंय की मलेशियात पीट नावाच्या काळ्या जमिनीत अननस बिनखताचा येतो, फक्त मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचं क्षार) मारायचं, आणि आपली जमीन पण काळीच, म्हणून केळी काढून अननस लावा. भाऊ, अर्धवट आहे हे.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. मलेशियातल्या जोहोर राज्यात अशा जमिनीवर अननस होतो हे खरंय, पण तिचा पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट) साडेतीन-चारच्या आसपास, आणि अननसाला आंबट जमीनच मानवते. आपली काळी कापसाची जमीन बेसॉल्ट खडकाची, चिकण, चुनखडीवाली, पीएच आठच्या घरात, तिथं अननसाला लोह मिळत नाही अन पानं पिवळी पडतात. रंग सोडला तर दोघींचं काहीच जुळत नाही (अन कोकोपीट तर तिसरंच, तो नारळाचा भुसा).

आता बिनखताचं म्हणाल तर तेही खोटं. पीटमध्ये नत्र असतं पण सेंद्रिय पदार्थात अडकलेलं, पालाश (पोटॅश) मुळातच कमी आणि पावसात धुऊन जातं, म्हणून तिकडे युरिया, स्फुरद अन भरपूर पोटॅश द्यावंच लागतं. मोरचूद कशाला? पीट तांबं घट्ट धरून ठेवतं, पिकाला मिळू देत नाही, म्हणून तांबं आणि सोबत जस्त वरून देतात. आपल्याकडे ते कारणच नाही, उलट नुसतं मोरचूद पानावर मारलं तर पानं करपतील. आधी माती तपासा, मग बोलू केळीचं.