भाजलेल्या रुग्णाला हार्मोन दिले की सेप्टिक टळतं?

"मोठं भाजलं की शरीरातले हार्मोन संपतात. ग्रोथ हार्मोन किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्या, सेप्टिक होणार नाही. मधुमेह नसेल तर इन्सुलिन मात्र घेऊ देऊ नका." सेप्टिक म्हणजे संसर्ग शरीरभर भिनून अवयव बिघडू लागणं. हा मजकूर वाचून नातेवाईक वॉर्डात हट्ट धरतात आणि त्यात रुग्णाचा जीव जाऊ शकतो.

हार्मोन संपतात? टेस्टोस्टेरॉनसारखे काही उतरतात, हे खरं. पण कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन, ग्लुकागॉन भरमसाट वाढतात. नाडी धावते, साखर चढते, स्नायू झिजतात आणि हे कित्येक महिने चालतं.

ग्रोथ हार्मोनच्या दाव्याला थोडा आधार आहे. अमेरिकेत गॅल्व्हेस्टनला भाजलेल्या मुलांमध्ये, कलम लावण्यासाठी जिथून कातडी काढली ती जागा त्याने लवकर भरली. पण जखम लवकर भरणं म्हणजे जंतू मरणं नव्हे. शिवाय या औषधाने साखर वाढते. 1999 मध्ये आयसीयूतल्या प्रौढांवरचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. ते रुग्ण भाजलेले नव्हते, तरी धडा घ्यावाच लागतो: मोठ्या डोसने एकात मृत्यू 20 टक्क्यांवरून 39वर गेले, दुसऱ्यात 18वरून 44वर. सेप्टिक शॉक (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक उतरणं) आणि अवयव निकामी होणं ही त्यातली मोठी कारणं होती.

स्टेरॉइड तर प्रतिकारशक्ती दाबतं आणि जखम भरणं लांबवतं. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब चढवायची औषधं पुरेनाशी झाली, तर दिवसाला 200 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन देतात. तो उपचार शॉकवर असतो, संसर्ग टाळण्यासाठी नव्हे.

सर्वांत घातक सल्ला इन्सुलिन न घेऊ देण्याचा. मधुमेह नसतानाही भाजल्यावर साखर चढते, आणि चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. म्हणून साखर 180च्या वर राहू लागली की पंपाने इन्सुलिन सुरू करून ती साधारण 140 ते 180मध्ये ठेवतात. त्याहून खाली ओढू नये: 2009च्या नाइस-शुगर अभ्यासात 81 ते 108चं लक्ष्य ठेवलेल्या आयसीयू रुग्णांत मृत्यू जास्त झाले. चूक नेहमी एका ठिकाणी होते. ऑपरेशनसाठी नळीतलं खाणं थांबवतात आणि पंप तसाच चालू राहतो. साखर झपाट्याने घसरते. खाणं थांबलं की पंपाचा दर त्याच वेळी तपासलाच पाहिजे.

सेप्टिकचं मूळ मेलेल्या कातडीत असतं. तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणून शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही पोहोचत नाही. ती पहिल्या काही दिवसांत काढून कलम लावणं, हात धुणं, भरपूर प्रथिनं हेच खरे उपाय. नुसता ताप हे संसर्गाचं लक्षण धरू नका, मोठ्या भाजण्यात तो असतोच. ड्रेसिंग हिरवट होणं, नवा वास, जखमेत काळे-जांभळे डाग, पचणारं खाणं अचानक न पचणं, रुग्ण गोंधळणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.