विकायची नसलेली बाटली

मार्चमधला रविवार, दुपारचे तीन. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावातल्या एका गॅरेजात आम्ही सात जण बसलो होतो. गाडी बाहेर काढून ठेवलेली, मधे घडीचं टेबल, त्यावर ब्रेडचे तुकडे आणि पाण्याचे जग, टेबलाखाली एक बादली. प्रत्येकाने घरी केलेल्या बिअरची एकेक बाटली पुढे ठेवली होती. कुठल्याच बाटलीवर नाव नाही, बुचावर मार्करने फक्त आकडा. माझी बिअर नाचणीची, आकडा पाच.

पाचची बाटली उघडली. यजमान सत्तरीचे, निवृत्त पोस्टमन. त्यांनी ग्लास तिरका धरून ओतलं, फेस बसू दिला, तळहाताने ग्लास झाकून हळूच फिरवला आणि मग नाक आत घातलं. "लोणी," ते म्हणाले. शेजारच्या बाईंनी वास घेतला. "लोणीच." मी ज्याला नाचणीचा खमंगपणा समजत होते तो दोष निघाला. आंबताना डायअसेटिल नावाचं एक द्रव्य तयार होतं, त्याला लोण्यासारखा वास येतो. आणखी दोन-तीन दिवस उबेत राहू दिलं तर यीस्ट स्वतःच ते परत खाऊन टाकतं. मी आठव्याच दिवशी बाटल्या भरल्या होत्या. "घाई झाली," पोस्टमन म्हणाले, "पण ते धान्य सोडू नका." मग उरलेलं सगळ्यांनी बादलीत ओतलं, ग्लास विसळले आणि सहावी बाटली पुढे ओढली.

त्या बादलीपाशी मी थबकले. दारू ओतून देताना मी तोवर एकाच माणसाला पाहिलं होतं, माझ्या मावशीला. ती खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका गावात राहते. काका पिऊन पडले की ती उशाखालची बाटली काढून परसात ओतायची आणि सकाळी त्यासाठी मार खायची. मी दहा-अकरा वर्षांची, सुट्टीला गेलेली. त्या भिजलेल्या मातीचा वास मला अजून आठवतो. दारूबद्दल आपल्याकडे जो वाद चालतो त्यात मी त्रयस्थ नव्हते, आणि आज स्वतः बिअर करत असले तरी त्रयस्थ होणार नाही.

सीमाभागातल्या माणसाला हा वाद दोन्हीकडून ऐकू येतो. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरी कोल्हापूरची बातमी येते तशी बेंगळूरचीही येते. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे परवान्याची देशी दारू, बंद केली. बायकांनी त्याचं स्वागत केलं, मावशीनेही केलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात बेंगळूर-कोलारच्या बाजूला आणि तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात विषारी दारूने दीडशेच्या वर माणसं गेली. इकडे महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मान्यता दिली. एकीकडून द्राक्ष शेतकऱ्याचं हित, दुसरीकडून संस्कृती बुडाली, असा गदारोळ कितीतरी दिवस चालला. मी तो इथून रोज वाचत होते. सगळं भांडण विकण्यावर होतं. कुठे विकायची, किती अंतरावर, त्यातून तिजोरीत किती यायचं. जी विकायचीच नाही अशा बाटलीबद्दल दोन्ही बाजूंनी कुणी अवाक्षर काढलं नाही.

दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. त्यामुळे बाचीतून निघून शिनोळीत पाऊल ठेवलं की कायदा बदलतो. अलीकडे कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी कायदा, पलीकडे मुंबई राज्याच्या वेळचा १९४९ चा दारूबंदी कायदा, ज्यात प्यायलाही परवाना लागतो. दोन्ही गावांत बोली एक, भात एक, पाहुणेरावळे एकमेकांत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे आणि तो कधी सुटेल तेव्हा सुटो, पण एका बाबतीत दोन्ही राज्यांचं मतैक्य आहे: घरच्या चुलीवर बार्ली शिजवून बिअर आंबवणारा माणूस दोन्हीकडे गुन्हेगार. गावाबाहेर ओढ्याकाठी नवसागर टाकून हातभट्टी लावणारा आणि तो, कायद्याच्या नजरेत एकाच ओळीत.

इंग्लंडमध्येही घरी बिअर करायला परवाना लागायचा, १८८० पासून. १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी ती अट काढून टाकली. आता स्वतःसाठी करा, मित्रांना द्या, कुणी विचारत नाही. पण एक बाटली जरी विकली तर परवाना आणि कर दोन्ही आले. आणि ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ धरणं, जे आपल्या भट्टीत होतं, ते आजही घरी करता येत नाही. ही रेघ मला फार शहाणपणाची वाटते. आंबवणं आणि गाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. डोशाचं पीठ, आंबील, उन्हाळ्यातलं ताक यांतच आपला जन्म जातो. विषारी दारूने माणसं मरतात ती मिथेनॉलने, आणि ते बहुतेक वेळा चोरीच्या औद्योगिक स्पिरिटमधून वरून मिसळलेलं असतं. बार्लीच्या आंबवणीत ते जीव घेण्याएवढं तयार होत नाही.

विकता येत नाही म्हणूनच अदलाबदल होते. एका वेळी वीस लिटर होते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या. एकट्या माणसाने त्या संपवायच्या नसतात. मग चार याला, चार तिला. बाटली रिकामी झाली की धुऊन ठेवायची आणि पुढच्या खेपेला आपलं भरून परत द्यायची. हे मला इथे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेजारणीकडून वाटी आली तर ती रिकामी परत देऊ नये, निदान साखरेचे चार दाणे तरी घालावेत, हे आईने लहानपणीच सांगितलं होतं.

यीस्टचंही तसंच. बिअर बाटल्यांत भरून झाली की भांड्याच्या तळाशी दाट साय बसल्यासारखा मातकट गाळ राहतो, तेच जिवंत यीस्ट. माझी पहिली बिअर होती तेव्हा पोस्टमनांनी ते मला जॅमच्या बरणीत घालून दिलं. झाकण घट्ट लावू नका, आत वायू धरतो, फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत वापरा. त्यांचं यीस्ट त्यांना दुसऱ्या कुणाकडून आलेलं. घरी येऊन ती बरणी फ्रिजमध्ये ठेवताना शेजारी दह्याची वाटी होती. विरजण संपलं की वाटी घेऊन कुणाच्या तरी दारात जायचं. आमच्या गल्लीत एका घरचं विरजण दुसऱ्या घरी, तिथलं तिसऱ्या घरी, आणि कुणाचं दही कवडीदार लागतं हे सगळ्यांना ठाऊक. परदेशात आल्यापासून इतकी वर्षं माझ्याकडे कुणी विरजण मागायला आलं नव्हतं. यीस्ट मागायला येतात.

पाण्याबद्दलही ही माणसं आपल्यासारखीच बोलतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे पाणी जड करणारा क्षार, आहे, म्हणून इथली एल नावाची फिकी, कडवट बिअर नावाजली आणि एकोणिसाव्या शतकात पिंपात भरून हिंदुस्थानात गेली. कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि कुठल्या पाण्यात दाणा टणक राहतो, हे माझ्या आजीला माहीत होतं. जड पाणी डाळीला वाईट, या एलला चांगलं. आजीला हे सांगायला हवं होतं.

नाचणी मला सोडवेना. हिमालयाच्या बाजूला नेपाळ-सिक्कीमकडे नाचणीची तोंग्बा पितात, आफ्रिकेत युगांडात नाचणी आंबवून पितात. मग आपली का नको? पण इथल्या थंडीत मोड नीट येईनात. अर्धी फुटायची, अर्धी तशीच. बिअर पांचट व्हायची. मोड आणावेत तर मावशीने. ओल्या फडक्यात बांधून, वैशाखाच्या उन्हात गच्चीवर वाळवून ती दरवर्षी सत्व करते. मी फोन केला आणि म्हटलं, मोड आणून वाळव, पण दळू नको.

"दळायचं नाही तर कशाला गे?"

खोटं बोलवेना. सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दारू करूलैस?" मी पोस्टमन, बादली, लोण्याचा वास, सगळं सांगितलं. सात जणांत अर्धा लिटर, म्हणजे वाट्याला चहाच्या अर्ध्या कपाएवढं, आणि तेही निम्मं ओतून देतात. तिने ऐकून घेतलं. "तिथं मोजून पितात म्हणतीस. हितं मोजायला कोण बसलंय? तुझा काका घरात करायला लागला असता तर मी ओतायला कुठं कुठं गेले असते?"

या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि परदेशातून लिहिणाऱ्यांनी असं उत्तर असल्याचा आव आणू नये असं मला मनापासून वाटतं. गॅरेजातल्या त्या माणसांना घराबाहेर चार दुकानं सोडून दारूचं दुकान आहे, त्यात व्यसनी माणसंही आहेत. इंग्लंड काही मोजून पिणाऱ्यांचा देश नाही. फरक एवढाच की त्या टेबलाशी बसलेल्याला चूक सांगायला सहा माणसं असतात. काकांना चूक सांगणारं कुणी नव्हतं, त्यांना फक्त विकणारे होते. मिलिटरी कॅन्टीनची रम वाटणारे पाहुणे, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याहून बाटल्या आणणारे मित्र, आणि उधारीची वही ठेवणारा दुकानदार. घरी करणं बंद होतं म्हणून काकांचं पिणं एका घोटानेही कमी झालं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ज्या ज्या ठिकाणी बायका मतदान करून दुकानाची बाटली आडवी करतात तिथे त्यांचा शब्द शेवटचा राहिला पाहिजे. महाराष्ट्रात ती सोय आहे, ती कुणी सैल करू नये. विक्रीवर हवी तितकी बंधनं असोत. पण गाळणं आणि विकणं यांपासून आंबवणं वेगळं काढा, आणि त्याला मर्यादा घाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाच्या घराला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, करू दिले. मला ते फार वाटतं. आपल्याकडे घरामागे शंभर लिटर पुरेत, वर्षातून पाच वेळा एक भांडं. त्यात घरातल्या प्रौढ बाईची लेखी संमती हवी. माझ्या नवऱ्याला ही अट विचित्र वाटते. मला वाटत नाही, कारण मी परसातली ती माती पाहिली आहे.

बेळगावात आज इंजिनिअरिंगची पोरं आहेत, ज्यांना यीस्ट आणि तापमान यांत खरोखर रस आहे, आणि बेंगळूरच्या ब्रूपबमध्ये, जिथे बिअर तिथेच करून विकतात, एका ग्लासाला मोजावे लागतात ते पैसे त्यांच्याकडे नाहीत. जे पैसेवाल्याला काचेच्या भिंतीमागे कायदेशीर आहे ते त्यांना चुलीवर बेकायदा आहे. ही पोरं जर एकमेकांच्या बाटल्यांना नाक लावून "लोणी" म्हणायला शिकली, तर त्यांतली निम्मी तरी आयुष्यात कधी तोंड वेडंवाकडं करून, पाण्याशिवाय, अंधारात ग्लास रिकामा करणार नाहीत. हे मी सिद्ध करू शकत नाही. माझ्या टेबलाशी मात्र हे घडताना पाहते.

मे महिन्यात मावसभाऊ लंडनला कामासाठी आला तेव्हा मावशीने दोन किलोची पिशवी पाठवली. कापडी, तोंड सुतळीने दोनदा बांधलेलं. मी किचनच्या ओट्यावर ती सोडली. मोड आणलेली, वाळवलेली, भाजलेली, आणि पिठीसाखरेसारखी बारीक दळलेली. एवढ्या बारीक पिठाची बिअर माझ्या भांड्यात होत नाही, गाळणीत लगदा बसतो आणि रस खाली उतरत नाही.

त्या रात्री मी ते ताकात कालवून उकळलं, वर जिरं आणि चवीला मीठ घातलं. रविवारी थर्मासमध्ये भरून गॅरेजात नेलं. पोस्टमनांनी ग्लास तिरका धरला, वास घेतला आणि विचारलं, ही कुणी केली.