तुमच्या एका स्टारला उत्तर: बँकॉकचा नीलम आणि आमची चूक

नमस्कार काका, नमस्कार काकू.

आमच्या थायलंड सहलीबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल दिवसभर टूर लीडर, आमच्या ऑफिसात फोन घेणारी मुलगी आणि पट्टायाचा एजंट या तिघांशी बोलले आणि मगच लिहायला बसले आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सहलीच्या शेवटच्या, मोकळ्या दिवशी काका-काकू बँकॉकचा ग्रँड पॅलेस पाहायला गेले. भिंतीपाशी एका नीटनेटक्या माणसाने सांगितलं की आज पूजा आहे, एक वाजेपर्यंत बंद. त्यानेच ४० बातमध्ये (बात म्हणजे थायलंडचं चलन) टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ठरवून दिली. दोन तासांनी ते २२,००० बातचा नीलम घेऊन हॉटेलवर परतले. ठाण्याच्या सराफाने तो चार-पाच हजार रुपयांचा असल्याचं सांगितलं. आमच्या ऑफिसला फोन केला, तेव्हा 'ती तुमची वैयक्तिक खरेदी आहे, कंपनी जबाबदार नाही' असं उत्तर मिळालं. काकांनी लिहिलंय की लीडरचा यात हात असणार, आणि थायलंडला कुणी जाऊच नये.

फोनवरच्या त्या उत्तराबद्दल मी हात जोडून माफी मागते. नियमात ते वाक्य बसतं, पण फसवणूक झालेल्या माणसाला पहिलं वाक्य ते ऐकवायचं नसतं.

लीडरबद्दल मात्र मला ठामपणे बोलायला हवं. त्या सकाळी तो आपल्याच गटातल्या २१ जणांना घेऊन प्रातूनामच्या बाजारात होता. त्या टुकटुकशी त्याचा काहीही संबंध नव्हता. नऊ वर्षं तो आमच्याकडे आहे. त्याच्यावर हा डाग राहू नये, एवढी विनंती.

काकूंनी लिहिलंय, 'एवढी शिकलेली माणसं आम्ही, सांगायलाही लाज वाटली.' काकू, हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. हा सापळा भोळ्या माणसांसाठी रचलेलाच नाही. परक्या गावात कुणी अदबीने बोललं तर अदबीने ऐकून घेणाऱ्यांसाठी तो आहे. ग्रँड पॅलेसचं आवार प्रचंड मोठं आहे, दरवाजे बरेच आहेत, पण पर्यटकांना आत सोडतात ते ना फ्रा लान रस्त्यावरच्या विसेत्चाईश्री दरवाजातून. दुसऱ्या बाजूला उतरलं की समोर खरोखरच बंद दरवाजा दिसतो. तो माणूस नेमका तिथेच उभा असतो. बंद दरवाजा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून त्याचं पुढचं बोलणं खरं वाटतं. मग टुकटुक एका लहानशा देवळात नेते. तिथे एक 'सहज भेटलेला' गृहस्थ म्हणतो की सरकारी निर्यात केंद्रात आज शेवटचा दिवस आहे, कर माफ आहे. तुम्हाला भेटलेल्याने तर स्वतःला वकील म्हणवलं. एकानेच हे सगळं सांगितलं असतं तर तुम्ही उठून आला असता. एकमेकांना ओळखत नाहीत असं भासवणारी तीन माणसं तेच सांगतात, तेव्हा कुणाचाही विश्वास बसतो. ४० बातमध्ये टुकटुकवाल्याला परवडतं, कारण त्याचे पैसे दुकान देतं. मुलाच्या साडेसातीचा विषय काकूंनी काढला नव्हता, विक्रेत्यानेच 'शनी' हा शब्द उच्चारला, हे तुम्ही लिहिलंय. भारतीय गिऱ्हाइकाला कुठला खडा कशासाठी हवा असतो, ते तिथे पाठ असतं.

राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं. परदेशी पाहुण्याला ५०० बात. राजघराण्याच्या समारंभासाठी क्वचित बंद असतो, पण ते खिडकीवर जाऊन विचारायचं, रस्त्यावरच्या माणसाला नाही. अनोळखी माणसांपासून सावध राहा, असे फलकसुद्धा तिथे आहेत.

आणि हे मला पूर्वीपासून माहीत होतं. पट्टायाच्या जेट-स्कीबद्दल (भाड्याने मिळणारी पाण्यावरची स्कूटर) आमच्या सूचनापत्रात चार ओळी आहेत: आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, पासपोर्ट कुणाकडे गहाण ठेवू नका. म्हणून आपल्या गटातली दोन मुलं 'ओरखडा पाडलात' या जेट-स्कीवाल्यांच्या दमदाटीतून सुटली. राजवाड्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. मोकळा दिवस दिला आणि तयारी दिली नाही, ही चूक आमची.

याहून मोठी चूक तुमच्या अभिप्रायात नाही, पण मला ती लिहिलीच पाहिजे. पट्टायाहून निघताना आपली बस रत्नांच्या एका मोठ्या दालनापाशी थांबली होती, आठवतं? चित्रफीत, छोट्या गाडीतून फेरी, मग लांबच लांब विक्री विभाग. ते दालन खोटं नाही, पण तो थांबा आमच्या कार्यक्रमात का होता ते सांगते. गट तिथे नेला की स्थानिक एजंटला दालनाकडून पैसे मिळतात, तो आम्हाला बसचा दर कमी लावतो आणि आम्ही सहल स्वस्त म्हणून जाहिरात करतो. थायलंडच्या गट सहलींत हा थांबा सर्रास असतो. लीडरच्या हातात एक बातही गेली नाही, पण फायदा कंपनीला झाला, म्हणजे मला झाला. आणि आमच्याच माणसाने माइकवरून तुम्हाला सांगितलं होतं की थायलंडचा नीलम जगात नावाजलेला आहे, प्रमाणपत्र मिळतं, निर्धास्त घ्या. दोनच दिवसांनी टुकटुकवाल्याने तेच शब्द ऐकवले. त्या दुकानाची पायरी तुम्ही चढलात, त्याआधी अर्धा जिना आम्हीच चढवून आणला होता. रात्रभर मला हेच टोचत होतं.

तो थांबा आजपासून बंद. सहलीचा दर माणशी दीड हजारांनी वाढेल. आणि त्या थांब्यामुळे तुमच्या गटामागे आमचे जे पैसे वाचले, ते माणशी दीड हजार याच हिशोबाने ३४ जणांना परत करतेय.

नीलमाचे पूर्ण पैसे मी भरून देऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगते. खोटा दिलासा देणार नाही. पण पैसे कार्डाने दिलेत, म्हणून बँकेकडे तक्रार करायचा मार्ग उघडा आहे आणि तो अवघड का आहे ते समजून घ्या. असे खडे बहुतेक वेळा काचेचे नसतात. खरा नीलमच असतो, हलक्या प्रतीचा, तापवून रंग उजळवलेला, अव्वाच्या सव्वा किमतीला विकलेला. प्रमाणपत्रावर 'नीलम' लिहिलेलं असतं आणि ते खरं असतं. किमतीबद्दल त्यात अवाक्षर नसतं. म्हणून 'खोटा माल दिला' अशी तक्रार टिकत नाही. तोंडी सांगितलेली प्रत आणि हातात पडलेली प्रत वेगळी आहे, हे रत्न तपासणी प्रयोगशाळेच्या अहवालाने दाखवावं लागतं. आणखी एक, कार्डाच्या मशीनवर रक्कम रुपयांत दिसली म्हणून काकांना बरं वाटलं. तो दर दुकानाच्या बाजूने लागतो आणि बहुधा महागच असतो. परदेशात मशीनने विचारलं तर तिथलंच चलन निवडायचं. कार्डाचा परदेशातला वापर चालू-बंद करायची आणि त्यावर मर्यादा घालायची सोय २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सगळ्या बँकांना द्यावी लागते. निघण्याआधी आम्ही ती प्रत्येकाकडून करून घ्यायला हवी होती. यापुढे घेऊ.

त्या संध्याकाळी तुम्ही लीडरला सांगितलं असतं, तर ११५५ या पर्यटक पोलिसांच्या क्रमांकावर फोन करून दुकानात परत जाता आलं असतं. हा दोष तुम्हाला देत नाही. तो क्रमांक तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेला नव्हता. आता आहे.

थायलंडला कुणी जाऊ नये, हे मात्र मला पटत नाही. याच सहलीत टॅक्सीत राहिलेली पर्स चालकाने हॉटेलवर आणून दिली, ती काकूंच्या शेजारच्या खोलीतल्या ताईंची होती. आणि नवी दिल्ली स्टेशनवर परदेशी प्रवाशांचं आरक्षण केंद्र पहिल्या मजल्यावर चालू असताना 'ते बंद आहे' असं सांगून त्यांना बाहेरच्या एजंटकडे नेणारी माणसं आपल्याकडेही आहेत. आपल्याकडे येऊ नका, असं आपण त्या पाहुण्यांना म्हणत नाही.

काका, मुंबईत ऑपेरा हाउस भागात रत्न तपासून मिळतात. तपासणीचा खर्च आमचा, मी स्वतः सोबत येते. दुकानाची मूळ पावती, कार्डाची स्लिप, प्रमाणपत्र आणि खडा ज्या पुडीत दिला ती पुडी, सगळं जपून ठेवा. खडा अंगठीत बसवायला देऊ नका. बँकेच्या तक्रारीला मुदत असते, म्हणून याच आठवड्यात जाऊ. उद्या अकराच्या सुमारास फोन करते.