प्यादं एक घर पुढे होतं

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

भाच्याच्या चेस टूर्नामेंटला सोबत म्हणून गेले होते. पालकांना हॉलमध्ये प्रवेश नव्हता (हा नियम ज्यानं केला त्याचे पाय धरावेत), म्हणून आम्ही सगळे बाहेर. दुसरा राऊंड संपत आला तसा सात-आठ वर्षांचा एक मुलगा बाहेर आला. डावखुरा असावा, कारण चाली लिहायच्या स्कोअरशीटची शाई लागून त्याच्या तळहाताची कड पार निळी झाली होती. बापानं "दमलास का" विचारलं नाही, पाणी दिलं नाही. हातातली शीट ओढून घेतली, उभ्या उभ्या एकेक चाल फोनमध्ये घातली आणि स्क्रीन पोराच्या नाकासमोर धरली. "हे बघ. सत्ताविसाव्या चालीला प्लस पाच होतं तुझं. प्लस पाच! आणि इथे घोडा फुकट दिलास? का दिलास?"

पोरगा तळहात चड्डीला पुसत उभा. शाई जाईना.

"सांग ना, का दिलास?"

का दिलास म्हणजे काय? दिसलं नाही म्हणून दिला! सात वर्षांच्या पोराला आणखी काय उत्तर देता येणार आहे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्लस पाच म्हणजे इंजिनच्या (डाव तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मते तुम्ही अख्ख्या हत्तीनं वरचढ. १९९७ साली कास्पारोव्हला हरवायला डीप ब्लू नावाचं कपाटाएवढं यंत्र लागलं होतं. आज त्याहून तगडं काहीतरी प्रत्येक बापाच्या खिशात आहे. ज्याच्यापुढे जगज्जेता टिकत नाही त्याच्या फूटपट्टीनं दुधाचे दात पडलेलं पोर मोजायचं. आणि मोजणाऱ्याला एकदा पटावर बसवा, दहाव्या चालीला वजीर घालवून उठेल.

मला तिथे उभ्या उभ्या आत्या आठवली. माझ्या जवळच्यांनी हा किस्सा ऐकलाय, पुन्हा ऐका.

नऊ वर्षांची होते. आत्याकडे घडीचा लाकडी पट होता, बिजागरी वर आलेली, त्यामुळे मधल्या ओळीतली मोहरी सारखी कलंडायची. ती मूळची देशी बुद्धिबळ शिकलेली. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते वगैरे तिचे नियम. मला शिकवायचं म्हणून नवे नियम शिकून घेतलेन. एका रात्री डाव अर्ध्यात राहिला. "राहू दे, उद्या बघू," म्हणून तिनं पट जपून कपाटावर ठेवला. रात्री मी पाणी प्यायला उठले, स्टूल लावलं आणि माझं हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. का, ते आजही सांगता येणार नाही. त्यानं फार काही फायदाही होणार नव्हता.

सकाळी पट खाली आला. तिनं चष्मा लावला, पटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चाल कुणाची?" मी म्हटलं, "तुझी." ती बसली विचार करत. एवढा वेळ ती कधीच घ्यायची नाही. आणि मग त्याच प्याद्यानं मागे जे भोक पाडलं होतं त्यातून तिचा वजीर आत घुसवून मला मात दिली. एक शब्द नाही. फक्त नेहमीचं, "चला, मोहरी घरी लावा." जिंकणारा-हरणारा दोघांनी मिळून मोहरी परत लावायची, हा तिचा नियम.

परवा कुणीतरी चेस क्लासची जाहिरात पाठवली. एकाग्रता वाढते, स्मरणशक्ती वाढते, गणित सुधारतं. म्हणजे खेळ नाही, टॉनिक. अहो, इंग्लंडात शंभर शाळा घेऊन, काहींत चेस शिकवून आणि काहींत न शिकवून बघितलं. २०१६ साली निकाल आला. वर्षभरानंतर गणितात फरक नाही. आणि स्मरणशक्तीचं म्हणाल तर १९७३ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता (त्यातल्या एकाचं आडनाव चेसच, काय बोलणार). मुरलेल्या खेळाडूला खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर तो बरीचशी मोहरी जशीच्या तशी परत लावतो. तीच मोहरी कशीही विखरून ठेवली की तोही जवळजवळ तुमच्या-आमच्यासारखाच गडबडतो. म्हणजे ती स्मरणशक्ती डावाची असते, फोन नंबरची किंवा पाढ्यांची नाही.

आत्याला माझं प्यादं दिसलं ते असंच. तिला बत्तीस मोहरी पाठ नव्हती, आमचा डाव पाठ होता.

हो, माहीत आहे, आता कुणीतरी हंगेरीच्या त्या बुद्धिबळपटू पोलगार बहिणींचं नाव काढणार. बापानं ठरवून घडवल्या, ज्युडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. झाली, मान्य. गुकेशच्या वडिलांनी त्याच्यासाठी डॉक्टरकीची प्रॅक्टिस बाजूला ठेवली, तेही मान्य. दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा चेस वर्ल्ड कप जिंकली आणि आईच्या गळ्यात पडून रडली, तो व्हिडिओ बघून मीही रडले. ती आई तिथे वर्षानुवर्षं उभी होती म्हणूनच गळा सापडला, एवढं कळतं मला.

पण गुकेशचंच घ्या. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. चौदाव्या डावात समोरच्या डिंगची, तेव्हाच्या जगज्जेत्याची, चूक झाली, पोरगा १८ व्या वर्षी जगज्जेता झाला. सगळं जग बघतंय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हा काय करतो? पटावरची मोहरी एकेक करून जागेवर लावतो. मी घरात ओरडलेच, "बघा! मोहरी घरी लावली!" कुणाला काही कळलं नाही. आत्या असती तर तिला कळलं असतं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते, कारण त्या बापाला एवढं बोलून मी नामानिराळी राहिले तर बरं नाही.

माझी लेक पाच वर्षं खेळली. चांगली खेळायची. मी तिच्या रेटिंगची एक्सेल शीट ठेवली होती. हिरवा रंग, लाल रंग, सगळं. ती हॉलमधून बाहेर आली की मी कधी ओरडले नाही हो, मी सुशिक्षित ना! मी फक्त विचारायचे, "कुठे चुकलं असं वाटतं तुला?" गोड आवाजात. घरी जाताना गाडीत इंजिन लावून. आत्याचा किस्सा तिला शंभरदा सांगितला आणि वागले मात्र बरोबर उलट. ती अकरा वर्षांची असताना एके दिवशी तिनं मोहरी पिशवीत भरली, नाडी ओढली आणि म्हणाली, "आई, मला हरलेलं चालतं गं. तुझं तोंड नाही चालत."

त्यावर मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक अभ्यासाचं काहीतरी बोलले असेन.

घरात मोठ्या माणसाला लहान पोर राजरोस हरवू शकेल अशा जागा असतात किती? वय, उंची, आवाज, पैसा, सगळं आपल्या बाजूला. पटावर मात्र दोघांची सोळा-सोळा मोहरी. आणि हरलं तर पत्ते वाईट आले, फासा उलटा पडला, असं म्हणायची सोय नाही. एवढं उघडं पडायचं असतं तिथे. त्यात तिसरं कुणीतरी फोन घेऊन बसलं की संपलं. माझी चोरी आत्याच्या आणि माझ्या मधेच राहिली म्हणून मी खेळत राहिले. तिनं तेव्हा घरात चारचौघांत सांगितलं असतं तर पटाचं तोंड बघितलं नसतं पुन्हा.

खूप वर्षांनी, ती अंथरुणाला खिळल्यावर, मीच एकदा कबूल केलं. म्हणाली, "हत्तीपुढचं. अगं, चोरी करायचीच होती तर वजिराची तरी करायचीस!" आणि खोकला येईपर्यंत हसली.

त्या बापाबद्दल एक राहिलं. संध्याकाळी निघताना तो पायऱ्यांवर दिसला. पोरगं मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं, आणि हा बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवून त्याच्या तळहाताची शाई पुसतोय. हळूहळू, जाग येऊ नये असं. मी सकाळपासून मनात रचलेलं भाषण गिळलं आणि भाच्याला घेऊन घरी आले. (भाचा तीन हरला, दोन ड्रॉ. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. मग एका ड्रॉबद्दल अर्धा तास बोलत होता.)

घरी आल्यावर आत्याचा पट काढला. बिजागरी तशीच. मोहरी लावून टेबलावर ठेवला आणि ही पोस्ट लिहायला बसले. मधे लेक पाणी घ्यायला आली. सतरा वर्षांची आहे आता. पटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि जाता जाता पांढऱ्याचं हत्तीपुढचं प्यादं एका बोटानं एक घर पुढे ढकलून आत गेली.

अजून बाहेर आलेली नाही. पट कपाटावर ठेवतेय. माझी चाल उद्या.